मिरज-विजयपूर रस्त्यावर एक पाटी हवी आहे: पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री महोदय,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळुरू
यांस सविनय नमस्कार.

साहेब, मी अथणी तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली द्राक्ष बागायतदार आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बागेत दोन्ही, अशी आमच्याकडची रीत. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. मराठीतून लिहिते आहे ते माझ्यासारखे बागायतदार, शेजारचे वायनरीवाले आणि सीमेच्या पलीकडचे आमचे पाहुणे यांनीही ते वाचावं म्हणून.

आमची बाग सहा एकर. चार एकर थॉम्पसन, तिचा बेदाणा करतो. उरलेल्या दोन एकरांत शिराझ, म्हणजे वाईनची द्राक्षं. ती आम्ही पाच घरांनी मिळून उभारलेल्या वायनरीत जातात. स्टीलच्या चार टाक्या, एक क्रशर, एक थंड खोली आणि बाटल्या भरायची जागा, एवढीच आमची वायनरी. कृष्णेच्या खोऱ्यात अशा मोजक्या वायनरी आहेत, आमच्या भागात आमची धरून पाच. प्रत्येकाची वाईन वेगळी, पण दुखणं एकच. गिऱ्हाईक आमच्या दारापर्यंत पोचत नाही, आणि चुकून पोचलं तर त्याच्यापुढे काय ठेवायचं हे आम्हाला कळत नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. शिराझची काढणी चालू होती. इचलकरंजीचं एक कुटुंब गोलघुमट बघून परत निघालं होतं, पाण्याची बाटली घ्यायला फाट्यावर थांबलं आणि क्रेट भरलेला ट्रॅक्टर बघून मागोमाग बागेत आलं. सोबत आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी घड हातात घेतला आणि म्हणाल्या, "एवढुसेच मणी? औषध कमी पडलं का गं?" मी त्यांना मणी खायला दिला. साल जाड, आत बी, पण गोडी अशी की त्या दोन क्षण बोलल्याच नाहीत. मग रसाची गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मी एक थेंब टाकला आणि नातीला उजेडाकडे धरून बघायला सांगितलं. "तेवीस!" ती ओरडली. खायच्या द्राक्षाला अठरा आले तरी आम्ही काढणी धरतो, याला बावीस-तेवीस लागतात, घड वेलीवर जास्त दिवस राखावा लागतो आणि तेवढे दिवस पाखरांशी आणि ढगांशी झुंज असते, हे सगळं मी सांगितलं. अर्धा तास ती माणसं बांधावर उभी होती. निघताना त्या मुलीच्या वडिलांनी विचारलं, "याची वाईन चाखायला मिळेल का?"

मला नाही म्हणावं लागलं. आमच्याकडे टेस्टिंगचा परवाना नाही. शेडमधला बेदाणा पिशवीभर दिला आणि त्यांना वाटेला लावलं. गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. त्या कुटुंबाला या पट्ट्यात थांबण्यासारखं काही आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि जे थांबले त्यांना मी रिकाम्या हाताने पाठवत होते.

यावर कुणी म्हणेल, मग परवाना काढा. साहेब, एकट्या लहान वायनरीला ते झेपत नाही. टेस्टिंगची खोली, स्वच्छतागृह, गाड्या लावायला जागा, बोलायला एक कायमचा माणूस, दर वर्षीची फी, आणि वर्षातले आठ-नऊ महिने माणूस फिरकणार नाही असा रस्ता. फळछाटणी ऑक्टोबरात, काढणी जानेवारी ते मार्च, एप्रिलात खरड छाटणी. पाहण्यासारखं जे आहे ते तीन महिन्यांत. उरलेल्या काळात आम्ही फवारणी, टँकरचं पाणी आणि बँकेचा हप्ता यांच्यामागे असतो. पाच वायनरींनी पाच खोल्या बांधल्या तर पाचही तोट्यात जातील. पाचांनी मिळून एक बांधली, आणि एकेका रविवारी एकेकाची बाग उघडी ठेवली, तर आलेला माणूस हमखास काहीतरी बघून जाईल.

हेच आम्ही करून बघायला निघालो होतो. जुलैच्या पावसात आमच्याच शेडमध्ये बसलो. ज्यांच्यात बाजारात एकमेकांचं गिऱ्हाईक ओढण्यावरून अबोला होता, तेही आले. एकाने वहीच्या पानावर मिरजेपासून विजयपूरपर्यंतचा रस्ता काढला, त्यावर बागा, वायनरी, बेदाण्याच्या शेड, चपलांची गल्ली अशा खुणा केल्या. फाट्यावर एक सामाईक खोली भाड्याने घ्यायची, सगळ्यांच्या बाटल्या एका फळीवर ठेवायच्या, तिथून माणसं बागेत पाठवायची, असं ठरलं. अर्ज घेऊन दोघं एका सरकारी कार्यालयात गेले. उत्तर मिळालं की परवाना एका वायनरीच्या नावावर आणि एका जागेला मिळतो, पाच जणांच्या नावाचा रकाना या फॉर्मात नाही. तिथल्या माणसाशी आमचं भांडण नाही, त्याने चहासुद्धा पाजला. पण रकाना नाही म्हणून ते वहीचं पान आजही आमच्या कपाटात पडून आहे.

माझं मुख्य मागणं त्या एका रकान्याचं आहे. लहान वायनरींच्या गटाला एक सामाईक टेस्टिंग आणि विक्री परवाना. एखाद्या प्रायोगिक तालुक्यापुरता, तीन हंगामांसाठी द्या, हिशोब तपासा, पटलं नाही तर काढून घ्या. हे खातं एकट्या आपलं नाही याची मला जाणीव आहे. अबकारी वेगळं, फलोत्पादन वेगळं. म्हणूनच या तिघांना एका टेबलाशी बसवण्याची विनंती आपल्याला करते आहे, कारण पाहुणा हा आपल्या खात्याचा विषय आहे.

पायाभरणी तर आपल्याच राज्याने केलेली आहे. २००७ साली कर्नाटकाने द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरण आणलं, वाईन बोर्ड स्थापन केलं, आणि नंदी खोऱ्यासोबत आमच्या कृष्णा खोऱ्यालाही वाईनचा पट्टा म्हणून ओळख दिली. बोर्डाने बेळगावातही वाईन महोत्सव भरवले. त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण महोत्सवात आमची बाटली शहरात जाते, दोन-तीन दिवस मांडवात उभी राहते आणि परत येते. बाग तिथे नेता येत नाही. इचलकरंजीच्या त्या आजींना जे अर्ध्या तासात कळलं ते मांडवात कुणाला कळत नाही.

नाशिकचं उदाहरण सगळेच देतात. १९९९ मध्ये तिथे सुला ही वाईन कंपनी सुरू झाली, २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली, आणि आज गंगापूर धरणाच्या बाजूला लाखो माणसं जातात. ते यश मोठं आहे, पण त्यामागे भांडवलाची एक मोठी कंपनी आहे. तिच्या सावलीत आसपासचे लहान लोकही उभे राहिले. आमच्या पट्ट्यात अशी कंपनी नाही, येईल याची वाट बघत बसलो तर वेली म्हाताऱ्या होतील. आणि आमच्या शेजारचं दुसरं उदाहरण आम्ही विसरू शकत नाही. महाराष्ट्राने २००१ मध्ये धोरण आणलं, नाशिककडच्या विंचूरसारखाच सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाला. माझ्या नणंदेच्या गावात तेव्हा लोकांनी हौसेने वाईनची द्राक्षं लावली. २००८-०९ मध्ये मंदी आली, मागणी कोसळली, टाक्या भरलेल्या राहिल्या, घड वेलीवर सुकले. नंदेच्या सासऱ्यांनी चार वर्षांची शिराझ बुडापासून कापली. मी तिथे होते. कुऱ्हाडीचा आवाज फार येत नाही, वेल मऊ असते, पण म्हातारा माणूस एकेका बुंध्याशी थांबत होता. कारखाने उभे राहिले होते, पिणारा माणूस मात्र दूर मुंबईत होता आणि त्याची या गावाशी ओळख नव्हती. ओळख असलेलं गिऱ्हाईक मंदीत कमी घेतं, पण घेतं.

दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश म्हणून गाव आहे. तिथे १९७१ साली तीन शेजारी वायनरीवाल्यांनी मिळून एक वाईनचा रस्ता आखला. तिघेच. आज त्या मार्गावर शंभराहून अधिक वायनरी आहेत. आम्ही पाच आहोत, म्हणजे सुरुवातीला त्यांच्यापेक्षा दोनने जास्तच.

आता जी गोष्ट बोलायला जड जाते ती बोलते. माझ्या थोरल्या भावाला दारूने नेलं. देशीच्या दुकानाबाहेर रात्री त्याला शोधत मी आणि वहिनी फिरलो आहोत. आमच्या गावात दुकान नको म्हणून बायकांनी ग्रामपंचायतीसमोर बैठक मारली तेव्हा मीही त्यात होते, आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन. म्हणून हे स्पष्ट सांगते की मला गावोगाव विक्री नको आहे, किराणा दुकानात वाईन नको आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय झाला आणि केवढा विरोध झाला, तो विरोध मला समजतो. मी मागते आहे ती एक ठरलेली जागा. तिथे वय बघूनच प्रवेश, बसून, जेवणासोबत, दोन-तीन घोट चाखणं, आणि दिवस मावळायच्या आत दार बंद. एकादशीला, गावच्या जत्रेला बंद. या अटी परवान्यातच लिहा, मोडल्या तर परवाना रद्द करा. आणि गाडी चालवणाऱ्याने चाखू नये म्हणून हंगामात रविवारी मिरज आणि विजयपूरहून वायव्य कर्नाटक परिवहनची एकेक बस सोडा. बसने येणारा माणूस घाईत नसतो, हेही खरं.

शिवाय या रस्त्यावर वाईन न पिणाऱ्यालाही दिवस पुरणार नाही. आमच्या वहीच्या पानावर निम्म्या खुणा वाईनच्या नाहीतच. बेदाण्याची शेड आहे: जाळ्यांवर हिरवे मणी पसरतात, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढलेले, आणि पंधरवड्यात ते सोनेरी होतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. ही रास आजवर आमच्या पाहुण्यांनी फक्त खाल्ली आहे, होताना पाहिलेली नाही. आणि तो बेदाणा तासगाव-सांगलीच्या सौद्यात गेला की तिथलाच होतो, अथणीचं नाव पिशवीवर राहत नाही. तासगावकरांचा यात दोष नाही, बाजार त्यांनी उभा केला. पण आमच्या मुलांना आपल्या मालावर आपल्या गावाचं नाव कधी वाचायला मिळणार?

अथणीत चपला शिवतात हे आपल्याला माहीत आहेच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांना: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आपले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. सीमेवरून इतकी वर्षं इतकं बोललं गेलं, तरी चपलेपुरतं दोन सरकारांनी एका कागदावर नाव घातलं. मग द्राक्षाच्या रस्त्यासाठी का नाही? जतच्या बागेतला मांडव आणि आमचा मांडव एकाच मातीवर आहेत, खरड छाटणीला येणाऱ्या टोळ्याही त्याच. मिरजेला रेल्वेतून उतरणारा माणूस कवठेमहांकाळ, जत, अथणी, विजयपूर असा आला तर दोन्हीकडच्या घरांना चार पैसे मिळतील. आपण तिकडच्या मंत्र्यांना एक पत्र लिहिलंत तरी पुष्कळ. पण त्यासाठी आमचा परवाना अडवून ठेवू नका, आधी आपल्या बाजूने सुरू होऊ द्या.

आणि पाट्या. रस्त्यावर पर्यटनस्थळांच्या तपकिरी पाट्या असतात, तशा तीन पाट्या आम्हाला हव्या आहेत. कन्नडमध्ये लावा, इंग्रजीत लावा, आणि येणारे बहुतेक पाहुणे मिरज, सांगली, इचलकरंजीचे असणार म्हणून खाली एक ओळ मराठीत असली तर त्यांना वळण चुकणार नाही. यात दुसरा कुठलाही हेतू शोधू नये ही हात जोडून विनंती. अनुदान मागत नाही. खोलीचं भाडं आम्ही भरू, बोलायला माणूस आम्ही देऊ. माझी सून बी.एस्सी. ॲग्री आहे, तीन भाषा बोलते आणि सध्या पुण्याला नोकरी शोधते आहे.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण बेळगावला सुवर्णसौधात याल. त्या वेळी आमच्या बागेत मणी वाटाण्याएवढे झालेले असतात, पहाटे धुकं पडलं की डाउनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने आम्ही जागे असतो. अधिवेशनातला एक दिवस आम्हाला द्यावा. पाचही वायनरीवाले शेडमध्ये थांबतील, ते वहीचं पान आपल्यापुढे ठेवतील. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक असेल. निघण्याआधी मात्र निरोप द्यावा. फाट्यावर पाटी नसल्यामुळे आत वळायची जागा नवख्याला सापडत नाही, मी मुलाला मोटारसायकल घेऊन तिथे उभा करीन.

आपली नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
अथणी तालुका, जिल्हा बेळगाव