निवृत्त दांपत्य, सेबूचे तरुण आणि आठवड्याचा शब्द

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतरचा काळ कसा घालवावा, या विषयावर आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे येत असतात. त्यांत मला जवळून पाहता आलेल्या एका उदाहरणाची भर घालावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो असून वर्षातील काही महिने मुलीकडे, अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीजवळ, राहतो. आमच्या शेजारी राहणारे एक दांपत्य (ते शाळेत हिशेबनीस होते, त्या परिचारिका) फिलिपिन्समधील सेबू येथे १८ महिने राहून, आपल्या चर्चच्या तरुण सभासदांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी मदत करून परतले. त्यांच्या सांगण्यातून आणि त्यांनी जपून ठेवलेल्या वह्यांतून जे समजले, ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

हे दांपत्य ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे सभासद आहे. आपल्याकडे हा पंथ ‘मॉर्मन’ म्हणून परिचित असला, तरी २०१८ पासून पंथाचे पूर्ण नाव वापरावे असा त्यांचा आग्रह आहे. पांढरा सदरा आणि टाय घालून जोडीने फिरणारे त्यांचे तरुण धर्मप्रसारक अनेकांनी पाहिले असतील. मात्र साठी ओलांडलेली जोडपीही अशी सेवा करायला जातात, त्यासाठी त्यांना पगार मिळत नाही, राहण्याजेवण्याचा खर्च ती आपल्या पुंजीतून करतात आणि दारोदार प्रचार हे त्यांचे मुख्य काम नसते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्यांची गरज कोठे भासते, हे तेथील तरुणांकडे पाहिले म्हणजे कळते. या पंथातील मुलगा दोन वर्षे आणि मुलगी दीड वर्ष धर्मसेवेला जाते. विशीत घरी परतल्यावर हातात पदवी नसते, ओळखीपाळखी नसतात आणि घरची ओढाताण होती तशीच असते. ही अडचण ओळखून पंथाचे तत्कालीन अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी ३१ मार्च २००१ रोजी एक कायमस्वरूपी शिक्षण निधी जाहीर केला. सभासदांच्या देणग्यांतून मूळ रक्कम उभी करायची, तिच्या उत्पन्नातून गरजू तरुणांना आपल्याच देशात शिकण्यासाठी कर्ज द्यायचे आणि नोकरी लागल्यावर त्यांनी ते अल्प व्याजासह फेडायचे, अशी त्याची रचना होती. कल्पना जुनीच होती, कारण युरोपातील गरीब अनुयायांना अमेरिकेतील युटामध्ये आणण्यासाठी या पंथाने १८४९ मध्ये असाच परतफेडीचा निधी सुरू केला होता. त्याची परतफेड पुष्कळशी थकली आणि १८८० मध्ये, पंथाच्या पन्नासाव्या वर्षी, गरिबांकडील थकबाकीपैकी निम्मी माफ करण्यात आली, हे वाचताना माझ्यातला बँकवाला थबकला. कर्ज फेडलेच पाहिजे ही शिस्त आणि खरोखर अडलेल्याला सोडून देण्याची माणुसकी, या दोन्ही गोष्टी एकाच योजनेत नांदू शकतात, याचे हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते.

परंतु केवळ कर्जाने माणूस उभा राहत नाही, आणि शेजाऱ्यांचे खरे काम येथेच होते. नोकरी शोधणे, पुढील शिक्षण, छोटा व्यवसाय किंवा घरखर्चाचे नियोजन यांपैकी एक विषय निवडून तरुणांचा गट १२ आठवडे दर आठवड्याला सुमारे दोन तास जमतो. तेथे व्याख्यान नसते आणि शिक्षकही नसतो. गट चालवणाऱ्याने तज्ज्ञाचा आव आणायचा नाही, असा दंडकच आहे. मागील आठवड्यात दिलेला शब्द पाळला का, हे प्रत्येकाने सर्वांसमोर सांगायचे, पुढील आठवड्याचा शब्द द्यायचा आणि मधल्या दिवसांत एका जोडीदाराने त्याची विचारपूस करायची. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या गृहस्थांना एखाद्याची चूक दिसत असूनही गप्प बसणे सर्वांत जड गेले, असे ते मला म्हणाले. मी स्वतः अनेक वर्षे बचत गटांची खाती हाताळली आहेत. ज्या गटात अधिकारी कमी बोलत आणि बायका एकमेकींना विचारत, त्या गटाचे हप्ते वेळेवर येत, हा माझाही अनुभव आहे.

सेबूत त्यांना दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. पहिली म्हणजे तेथील ‘फाइव्ह-सिक्स’ सावकारी: पाच घ्यायचे आणि सहा परत करायचे. मोटारसायकलवरून दररोज वसुलीला येणारे हे सावकार बहुधा पंजाबी असतात, परंतु तेथील लोक भारतीय माणसाला सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात. आपल्या मुंबईचे नाव परक्या देशात या व्यवसायाला चिकटलेले ऐकून मला फार वाईट वाटले. पाचावर एक म्हणजे वीस टक्के, आणि तेही काही आठवड्यांसाठी, हे गटाच्या वहीवर लिहून पाहिल्यावरच अनेक तरुणांच्या प्रथम लक्षात आले.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. घरखर्चाच्या तक्त्यात बचतीचा रकाना महिनोन्‌महिने रिकामा राहत होता. आरंभी या दांपत्याला तो निष्काळजीपणा वाटला. चौकशीअंती कळले, की मिळवता झालेला थोरला भाऊ किंवा बहीण धाकट्यांची फी भरते आणि आईवडिलांच्या औषधांचे पैसे पाठवते; तेथे ‘उतांग ना लोओब’ म्हणजे अंतःकरणातील ऋण ही भावना फार खोल आहे. मुंबईतील गिरणीतून कोकणात मनीऑर्डर पाठवणाऱ्या चाकरमान्याला हे समजावून सांगावे लागले नसते. त्यानंतर तक्त्यात ‘घरी पाठवायचे’ असा वेगळा रकाना आधी आखला गेला आणि बचत उरलेल्यातून, अगदी थोडी का होईना, होऊ लागली. परक्या देशात शिकवायला गेलेल्यांनी आपलाच तक्ता बदलला, ही मला त्या दीड वर्षातील सर्वांत मोलाची घटना वाटते.

या कामावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. गटात इतर धर्मीयांनाही बसता येते, परंतु शैक्षणिक कर्ज सभासदांसाठीच आहे. तेव्हा गरजेपोटी कोणी धर्म बदलेल, ही शंका रास्त आहे. माझ्या शेजाऱ्यांच्या गटांतील बहुतेक तरुण आधीपासूनच सभासद होते, एवढेच मला सांगता येईल. मी स्वतः वारकरी घरातला आहे आणि त्यांच्या श्रद्धेशी माझा काही संबंध नाही. तरीही आपल्या उतारवयातील दीड वर्ष अनोळखी मुलांच्या हिशेबांसाठी देणाऱ्या या दोघांविषयी मला नितांत आदर वाटतो.

शेवटच्या चार महिन्यांत त्यांनी एकही गट स्वतः चालवला नाही; आधीच्या गटांतून तयार झालेल्या तेथील तरुणांकडे ते काम दिले आणि स्वतः मागील खुर्चीवर बसले. ते गट आजही चालू आहेत का, हे मी त्यांना विचारले, तेव्हा बाईंनी दूरध्वनीवर आलेले छायाचित्र दाखवले: बारा जणांचे वर्तुळ आणि मध्ये तीच वही, सेबुआनो भाषेत लिहिलेली. मनिला किंवा सेबू येथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी असे गट पाहिले असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकातून अवश्य लिहावे, अशी विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
(सध्या मुक्काम सॉल्ट लेक सिटी)