औषध आलं, वेली गेल्या

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सावंतवाडीकडचा बागायतदार. पोफळीवर चढवलेल्या माझ्या 140 मिरवेली होत्या, सगळ्या पन्नियूर-1 या जातीच्या.

मे महिन्यातल्या मेळाव्यात व्यासपीठावरून आम्हाला शब्द दिला गेला होता की मिरीच्या मर रोगावरची तांब्याची औषधं, मोरचूद आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड, मृगाआधी निम्म्या दरात गावात पोचतील. बाहेरून घेतलंत तर अनुदान मिळणार नाही, असंही बजावलं. मी थांबलो. औषध आलं 21 ऑगस्टला. तोवर 63 वेली मेल्या होत्या.

मिरीची मर तुम्ही पाहिली आहे का? पानावर ओला काळा डाग पडतो, कडेला झालर. मग हिरवी पानंच गळू लागतात. बुंध्याची साल नखाने सोलली की आत काळं, कुजकं, वास मारणारं. शेवटी वेल सांध्यासांध्यात निखळते आणि घोसांसकट खाली येते. बारा वर्षांच्या वेली माझ्या बायकोने टोपलीत भरून बांधावर नेऊन जाळल्या.

ही मर आणते ती बुरशीसारखी फायटोफ्थोरा. ती पाण्यातून पोहत मुळं गाठते. म्हणून पहिल्या सरींबरोबरच एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं (किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी) आणि बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड ओतायचं. दुसरा हात ऑगस्टात. पहिलाच चुकला तर दुसऱ्याने काय वाचणार? जुलैत उधारीवर मोरचूद आणून बोर्डो केलंही. पण तीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या मुलखात जुलैत उघडीप कुठली? पान सुकायच्या आत सगळं धुऊन गेलं.

आधी निधी, मग निविदा, मग मंजुरी, मग सही. पाऊस कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. पुढाऱ्याचा दौरा असला की रातोरात डांबर पडतं. शेतकऱ्याच्या कामाची घाई मात्र कुणालाच नसते. आंबा-काजूला निदान फळपीक विमा तरी आहे. पंचनाम्याच्या कागदावर मिरीला रकानाच नव्हता. ‘आंतरपीक’ लिहिलं आणि नुकसानीपुढे रेघ मारली. त्या आंतरपिकावर माझ्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं, साहेब. यंदाची फी मी कुठून भरू?

औषध 25 मेपर्यंत गावात द्या, नाहीतर बाहेरच्या पावतीवर अनुदान द्या. पंचनाम्यात मिरीचा रकाना घाला.

उरलेल्या 77 पैकी दोन वेली काल पिवळ्या दिसल्या. आज तुमचंच औषध त्यांच्या बुंध्याशी ओततो आहे. पत्राचं उत्तर द्या.

आपला,
सिंधुदुर्गातला एक मिरी बागायतदार