बाळ्या, दोरीखाली तू होतास की नव्हतास?

येळ्ळूर,
रविवार, रात्री

बाळ्या,

सहा महिने झाले, ना फोन ना चिठ्ठी. आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. इकडं सगळे बरे. आबांचा गुडघा आहे तसाच.

पुण्याच्या त्या अडथळ्यांच्या शर्यतीत मी नाव घातलंय. पैसे भरलेत. बायकोला आकडा सांगितलेला नाही, तूही तोंड उघडू नकोस. पहाटे राजहंसगडाचा चढ पळत चढतो, खांद्यावर वाळूचं अर्धं पोतं. पहिल्याच दिवशी दूधवाला गाडी थांबवून म्हणाला, "वाळू कुणाकडं पोचवूलास?" भिंत जमते. लोंबकळत एक दांडी सोडून दुसरी धरायची, ते सातव्या दांडीपर्यंत जमतं, मग तळहाताची कातडी निघते. चिखलात सरपटायचा सराव आमच्याच वावरात केला, नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी. आबा बांधावरून म्हणाले, "सरपटतोसच आहेस तर तेवढं तण काढत ये."

पण दोरी, बाळ्या. दोरीच जमेना.

मळ्यातल्या आंब्याला जुना सोल बांधलाय, पंधरा फुटांवर म्हशीच्या गळ्यातली घंटा. वर जाऊन ती वाजवायची. पद्धत पाठ झालीय: दोर एका तळव्याखालून घेऊन दुसऱ्या पायावर चढवायचा, दोन्ही पायांत चिमटायचा, आणि हातांनी ओढत न बसता पायांवर उभं राहायचं. असा बारा फूट सरळ जातो. तिथून घंटा एका हातावर. उजवा हात सोडायचा आणि वाजवायची, एवढंच. तो हात दोर सोडत नाही. काल घंटेवर एक मुंगळा होता, त्याच्या मिशा हलताना दिसल्या, एवढा जवळ होतो मी. तरी नाही. घसरत खाली आलो, मांडी सोलून.

स्पार्टन नावाच्या अडथळ्यांच्या शर्यतींतला जुना दंड मी घरीच लावून घेतलाय: अडथळा हुकला की ३० बर्पी, म्हणजे खाली बसायचं, हात टेकून पाय मागं टाकायचे आणि परत उठायचं. बर्पी हे एका अमेरिकन माणसाचं आडनाव आहे, ठाऊक होतं? १९३० च्या दशकात त्यानं माणसाची तब्येत जोखायला ही कसरत काढली, तीही फक्त चार वेळा करायची म्हणून. काल माझ्या ९० झाल्या. ओल्या गवतात पडल्या पडल्या मी त्याला काय काय म्हणालो ते लिहीत नाही.

इथला शिकवणारा पोरगा म्हणतो, काका, तुमची पकड कमी पडतेय. त्याला काय सांगू? सुटतच नाही ती.

कारण तुलाही ठाऊक आहे. तालमीतली दोरी. "मी आहे खाली, सोड हात, तुळईला लाव" हे तू म्हणालास. मी सोडला. खाली बघितलं तर तू नाहीस. तुझं म्हणणं, वस्ताद आले म्हणून टाकीमागं सरकलास. माझं म्हणणं, पळालास. त्यावरून अख्खी दहावी आपण बोललो नाही, आणि तुझ्या लग्नात परत जुंपली, हातात जिलबी घेऊन. मनगट अजून किंचित वाकडंच आहे. त्याचं मला काही नाही. पण एवढ्या वर्षांत मी खाली न बघता हात सोडलेला नाही, हे मला या आंब्याखाली कळलं, आणि बायकोला सांगितलं तर ती हसेल.

वहिनींना नोकरी लागली ऐकलं, छान झालं. पोरगी चालायला लागली का? तुझ्या फ्लॅटच्या पाण्याचं काय झालं ते सावकाश सांग.

शुक्रवारी रात्रीच्या बसनं निघतो. शर्यत रविवारी सकाळी. कुंदा आणतोय, पण तो वहिनींसाठी. बघ्यांना दोरीच्या किती जवळ येऊ देतात ते तू आधी जाऊन बघ. मला झेलायचं नाहीये, ८१ किलो तुला झेपणारही नाहीत. नुसता उभा राहा. आणि तो भडक लाल शर्ट घाल, वरून दिसेल असा.

तुझा,
सुन्या