वाचायचा चष्मा सुटला, तेव्हाच शंका यायला हवी होती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी ३४ वर्षे मुद्रितशोधक होतो. आठ पॉइंटच्या टाइपातला गळालेला अनुस्वार पकडण्यावर माझे पोट चालले. त्यामुळे ६८व्या वर्षी वाचायचा चष्मा आपोआप सुटला, तेव्हा मी ते चारचौघांत मिरवले. शब्दकोशातली बारीक अक्षरे उघड्या डोळ्यांनी वाचून दाखवायचो. नजर परत आली म्हणून लोक कौतुक करायचे. प्रत्यक्षात ती जायला लागली होती.

मोतीबिंदूचा एक प्रकार असा फसवा असतो. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा हळूहळू घट्ट आणि पिवळट होतो, त्याने उणे नंबर येतो. जवळचे काही काळ चष्म्याविना दिसते, लांबचे मात्र धूसर होत जाते. बसची पाटी वाचता येईना, तर मी पाटी रंगवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडली. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरायचे. चंद्राला चिकटून दुसरा पुसट चंद्र दिसायचा, आणि एक डोळा झाकला तरी तो हटायचा नाही. दुखत-खुपत काहीच नव्हते, मग डॉक्टरकडे कशाला जायचे? एका वर्षात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तेव्हा कुठे गेलो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्यांनी तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

त्यानंतरही मी दोन वर्षे घालवली, कारण घरीदारी एकच सल्ला: ‘पिकू दे, मग काढू.’ माझ्या आत्याच्या काळी त्याला अर्थ होता. तेव्हा अख्खे भिंग बाहेर काढत आणि पुढे जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीसारखा जाड चष्मा नाकावर. कृत्रिम भिंग डोळ्यात बसवण्याची सुरुवात हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये केली. युद्धात विमानाच्या पारदर्शक छताचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, पण डोळ्यांनी ते सोसले, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६७ साली चार्ल्स केलमन यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी (अल्ट्रासाउंड) भिंग आतल्या आत फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. आता दोन-तीन मिलिमीटरची चीर पुरते. पण गाभा जेवढा कडक, तेवढ्या लहरी जास्त लागतात आणि बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याला तेवढा त्रास. फारच पिकला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही ओढवू शकतो. डॉक्टरांनी मला विचारले ते एवढेच, की रोजच्या कामात अडते का? अडत असेल तर वेळ झाली.

गेल्या महिन्यात उजवा डोळा झाला. आता डाव्या डोळ्याने तुमचा आजचा अंक पाहिला तर तो पन्नास वर्षे जुन्या फाइलीतला वाटतो, उजव्याने पाहिला तर ताजा. एवढा पिवळेपणा मी इतकी वर्षे कागदाचा समजत होतो.

आता आपल्याकडे मुख्य तक्रार. ‘ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू विरघळवा’ अशी थेंबांची जाहिरात मी वर्तमानपत्रांत अनेकदा वाचली आहे; नोकरीत असताना तिची प्रुफेही तपासली आहेत, तेव्हा वाटा माझाही आहे. भिंगातली गढूळ झालेली प्रथिने पुन्हा स्वच्छ करणारे सिद्ध औषध आज नाही. थेंब घालत बसलेल्या माणसाचे नुकसान केवळ पैशांचे नसते. अंधूक दिसण्यामागे काचबिंदू किंवा मधुमेहाने खराब झालेला दृष्टिपटलही असू शकतो. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेकदा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. घरच्या घरी ‘मोतीबिंदूच असेल’ असे ठरवून थांबणाऱ्याला हा फरक कळणार कधी? कृपया अशा जाहिरातींना जागा देऊ नये.

जाता जाता: कालच्या अंकात पाचव्या पानावरच्या मथळ्यात ‘त्यानी’ असे छापले आहे. उजव्या डोळ्याने पाहिले, डाव्याने पाहिले, खिडकीशी नेऊन पाहिले. अनुस्वार नाहीच.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक