कादंबरीचे नाव तरी नीट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली 'अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या' ही यादी वाचून काल दिवसभर चिडचिड झाली, म्हणून लिहिते आहे. पाचपैकी तीन कादंबऱ्या 'अंतर्मुख करणाऱ्या' आणि दोन 'खिळवून ठेवणाऱ्या'. हे तर मलपृष्ठावर छापलेलेच असते. पुस्तक खरोखर वाचले असेल, तर त्यातले काय मनात राहिले ते सांगा ना.

कृष्णात खोत यांच्या कादंबरीचे नाव तुम्ही 'रिंगण' छापले आहे. ते 'रिंगाण' आहे. माझी नणंद कात्रण घेऊन दुकानात गेली, तर दुकानदाराने वारीवरचे काहीतरी पुढे केले. बिचारी तशीच परत आली.

2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाची ही गत! वर त्याच्याबद्दल एकच ओळ, 'ग्रामीण जीवनाचे प्रभावी चित्रण'. अहो, त्यात धरणाने उठवलेले गाव आहे, मागे राहिलेली म्हैस आहे, तिला आणायला परत गेलेला माणूस आहे. माझ्या सासऱ्यांचे गाव कोयनेच्या पाण्याखाली गेले. गेल्या पावसाळ्यात त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा ही कादंबरी मी त्यांना रोज दहा-बारा पाने वाचून दाखवत होते. म्हशीचा भाग आला तसे "थांब जरा" म्हणाले आणि त्यांच्या तांबड्या गाईचे सांगू लागले. गाव सोडताना ती पाय रोवून उभी राहिली, दोघांनी दाव्याला धरून ओढली तेव्हा कुठे हलली. सासऱ्यांचे वय तेव्हा नऊ वर्षांचे. इतक्या वर्षांत सासूबाईंनाही हे माहीत नव्हते. त्या दिवशी पुढे वाचन झाले नाही. यातले थोडे जरी यादीत आले असते, तरी चार घरांत ते पुस्तक गेले असते.

आणखी एक. नंदा खरे यांच्या 'उद्या'पुढे 'अकादमी पुरस्कारप्राप्त' लिहिले आहे. 2020 चा तो पुरस्कार त्यांनी नाकारला होता. आज ते हयात नाहीत, म्हणून तर जास्त जपून लिहायला हवे.

दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारी त्याच पानावर, दिसतील अशा अक्षरांत छापाव्यात. आणि यादीत प्रकाशकाचे नाव व किंमत द्यायला विसरू नये.

आपली,
एक वाचक, कराड