तेलविहिरीच्या तोंडावरचं लोखंड

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "मुलगी तेलाच्या लाइनीत आहे" म्हटलं की रंकाळ्यावरची मंडळी "शेंगतेल का पेट्रोल पंप?" असं विचारतात, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. दोन्ही नाही. तेल काढणाऱ्या कंपन्या वेगळ्या. मी विकते ते त्यांच्या विहिरीच्या तोंडावर आणि पोटात बसणारं लोखंड. पद सेल्स मॅनेजरचं असलं तरी गोड बोलून माल खपवणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग. बाकी सगळं वाचणं आणि विचारणं.

ही विहीर आपल्या बोअरसारखीच, फक्त कित्येकदा दोन-तीन किलोमीटर खोल. वरती तिच्या तोंडावर व्हॉल्व्हचा एक मनोरा बसतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. खाली दोन मास्टर व्हॉल्व्ह, बाजूला विंग व्हॉल्व्ह, सगळ्यात वर स्वॅब व्हॉल्व्ह, आणि विंगच्या पुढे प्रवाह आवरणारा चोक. दाब आम्ही पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचावर किती पौंड, असा मोजतो. आई, तुझ्या कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला होते. आमचा मधल्या दर्जाचा व्हॉल्व्ह ५,००० पीएसआयचा, त्यावरचे १०,००० आणि १५,००० चे. तिथं रबराची रिंग टिकत नाही, म्हणून दोन फ्लँजच्या, म्हणजे बोल्टने आवळायच्या जोड-चकत्यांच्या, मध्ये धातूची रिंग दाबून बसवतात. ही रिंग फ्लँजच्या खाचेपेक्षा मऊ लागते, म्हणजे दबली तर रिंग दबते, खाच शाबूत राहते. यातली बीएक्स जातीची रिंग एकदा दाबली की परत वापरायची नाही, तरीही कुणीतरी ती पुसून परत लावतोच.

गिऱ्हाइकाकडून येणारी मागणी बहुतेक वेळा अर्धवट असते. "तीन इंची व्हॉल्व्ह, १० नग, दर कळवा." एवढ्यावर जो दर देतो तो पुढं रडतो. ३,००० पीएसआयच्या ३ १/८ इंची फ्लँजला आर-३१ रिंग लागते, ५,००० च्याला आर-३५. नाव एक, पण जोड बसत नाही. आणि १०,००० ला गेलं की ३ १/८ हा आकारच नाही, तिथं ३ १/१६. म्हणून आधी दाब, मग तापमान, मग उत्पादनाचा दर्जा, म्हणजे पीएसएल १ ते ४ यांपैकी कुठला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विहिरीत हायड्रोजन सल्फाइड आहे का, हे लेखी मागवायचं.

हा वायू कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. मुंबईच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राच्या गॅसमध्ये तो असतो, म्हणून तो गॅस हजिऱ्याला आणून धुवावा लागतो. बाबा, हे तुम्हाला लगेच कळेल: आमच्या व्हॉल्व्हची बॉडी सहसा ४१३० पोलादाच्या फोर्जिंगची असते. हीट ट्रीटमेंटनंतर तिचा कडकपणा २२ रॉकवेल सी, म्हणजे सुमारे २३७ ब्रिनेल, याच्या वर गेला आणि विहिरीत हा वायू असला, तर पोलाद न वाकता, न गळता अचानक तडकतं. एरवी आपण कडक माल म्हणजे चांगला माल समजतो. इथं कडक निघाला की नापास. अशा विहिरीसाठी मटेरियल क्लास, म्हणजे धातूची प्रत, डीडीपासून पुढचा लागतो. गिऱ्हाइकाने स्वस्तातला एए मागितला आणि विहिरीत हा वायू असल्याचं माहीत असलं, तर ऑर्डर सोडायची. ऑर्डर सोडणं हाही कामाचा भाग आहे, हे घरच्यांना पटवणं मात्र अवघड जातं.

मग टेंडर. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो आणि भाव तिसऱ्याला कळत नाही, तसंच हे, फक्त रुमाल संगणकाचा आणि सौद्याला सहा-आठ महिने. दोन भाग भरायचे, तांत्रिक वेगळा आणि दराचा वेगळा. तांत्रिक भागात चुकून दर दिसला की बोली बाद. एखादं शपथपत्र राहिलं, डिजिटल सहीची मुदत संपलेली निघाली, तरी तेच. अटीबद्दल शंका असेल तर बोलीपूर्व बैठकीत लेखी मांडायची, नंतर कुणी ऐकत नाही. ऑर्डर मिळाल्यावर बँक गॅरंटी द्यायची आणि उशीर झाला तर आठवड्याला साधारण अर्धा टक्का कापून घेतात. तारीख चुकते ती बहुतेक वेळा फोर्जिंगला, नाहीतर कागदाला. माल उत्तम, पण बॉडीवर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या वितळणीचा क्रमांक, आणि प्रमाणपत्रावरचा नंबर यांत एक आकडा वेगळा, की तपासनीस अख्खा लॉट बाजूला ठेवतो. आणि त्याचं बरोबर असतं.

चाचणीला १०,००० पीएसआयच्या व्हॉल्व्हची बॉडी पाणी भरून १५,००० वर धरतात. पीएसएल ३ असेल तर एकदा तीन मिनिटं आणि परत पंधरा मिनिटं. आधी आतली हवा पूर्ण काढावी लागते. पाणी दबत नाही, हवा दबते, म्हणून हवा राहिली आणि काही फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात. त्या वेळी जवळ उभं राहायचं नाही.

खरं कौशल्य लागतं ते तक्रारीला. गुजरातेत मेहसाण्याकडच्या बऱ्याच विहिरी आपोआप वाहत नाहीत, तिथं मान हलवणारे पंप तेल ओढतात. खालच्या पंपापर्यंत २५ फुटी रॉडची साखळी जाते, १,२०० मीटरला दीडशेवर रॉड. एक तुटला की फोन येतो, "माल खराब." अशा वेळी वाद न घालता जायचं आणि तुटलेलं तोंड बघायचं. पृष्ठभागावर हातोड्याचा किंवा पान्याचा ओरखडा असेल आणि तडा तिथूनच सुरू झालेला दिसला, तर हाताळणीचा दोष. आट्यांच्या पिनेत तुटला असेल तर बहुतेक वेळा जोड ढिला आवळलेला असतो. टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याच्या जोराच्या, आकड्यावर विसंबू नये. हाताने बसवून खूण करायची आणि पान्याने ठरलेलं अंतर पुढं फिरलं का ते मोजायचं. आणि पोलादाच्या दाण्यातच खोट दिसली तर मुकाट माल बदलून द्यायचा. अशा पंपांची ओतीव वजनं आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना अजिबात अवघड नाहीत. दाब झेलणारी बॉडी मात्र बिडाची चालत नाही.

उत्पन्न एकसारखं का नसतं, तेही सांगते. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर होतं, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतला वायदा एक दिवस शून्याच्या खाली गेला. भाव पडला की नव्या विहिरी थांबतात आणि आमच्या ऑर्डरी आटतात. चालू विहिरींचे सुटे भाग तेवढे खपत राहतात. त्यात समुद्रातली बांधकामं पावसाळ्याआधी उरकायची असल्याने एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच माल कालच हवा असतो.

आई, फोन लागत नाही म्हणून घाबरू नकोस. विहिरीच्या आवारात ठिणगीच्या भीतीने मोबाइल गेटवरच जमा करतात. आत गॅसचा भोंगा वाजला तर वाऱ्याची पिशवी बघून वाऱ्याला आडवं किंवा वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून निघायचं, हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं समजायचं नाही, कारण तो वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो.

आणि बाबा, दिवाळीला साहेबांसाठी गुळाची ढेप द्यायचा विचार सोडा. टेंडरसोबत सचोटीच्या करारावर सही केलेली असते. तुमची ढेप प्रेमाची असली तरी कागदावर ती लाचच दिसेल. ती घरीच ठेवा. पुढच्या गुरुवारी शिरोलीत ओतीव वजनांची तपासणी आहे, मुक्कामाला घरी येते.

तुमची,
धाकटी