बाई, तुम्ही इंग्रजी शिकवायला मराठीपासून सुरुवात केलीत

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत तुम्ही कामगारांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेत होता, त्या वर्गातला मी एक. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही शिकवलंत ते त्या खोलीबाहेरच्या पुष्कळांच्या उपयोगाचं आहे.

कारखान्यात काम करणाऱ्याला इंग्रजी शब्द बऱ्यापैकी येतात. दोन वाक्यं जोडायची वेळ आली की हात अडतो. शाळेत हा भाग ‘डू ॲज डायरेक्टेड’ म्हणून पाठ करून घेतलेला असतो: ‘नो सूनर’ आलं की ‘दॅन’, ‘हार्डली’ आलं की ‘व्हेन’. मार्क मिळाले की विषय संपला. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी फळ्यावर मराठी जोड्या लिहिल्यात. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो, ज्याअर्थी-त्याअर्थी. म्हणालात, आपली भाषा दोन्ही वाक्यांना एकेक खूण लावते, इंग्रजीला बहुतेक वेळा एकच पुरते. म्हणून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ म्हटलं की पुढे ‘बट’ नको. ‘ॲज ही वॉज इल’ म्हटलं की ‘सो’ नको. ‘द मॅन हू केम यस्टरडे’ म्हणून झाल्यावर पुन्हा ‘ही’ नको. हा जादा ‘बट’ मराठी पक्की असल्यामुळे येतो, असं तुम्ही म्हणालात तेव्हा वर्गातल्या कितीतरी जणांच्या मनावरचं ओझं उतरलं. तोवर आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं.

‘ऑल्दो’पुढे क्रियापदासकट पूर्ण वाक्य आणि ‘डिस्पाइट’पुढे नुसतं नाम, ‘डिस्पाइट द रेन’, हेही तिथेच कळलं. ‘ऑफ’ लागतो तो ‘इन स्पाइट’ला, ‘डिस्पाइट’ला नाही.

पण माझ्या लेखी तुमचे सगळ्यात मोठे उपकार ‘अन्टिल’ आणि ‘अनलेस’चे. आपण म्हणतो, ‘मशीन थांबत नाही तोपर्यंत कव्हर उघडू नका.’ यातला ‘नाही’ मराठीत अगदी जागच्या जागी आहे. तोच उचलून इंग्रजीत ठेवला की होतं ‘अन्टिल द मशीन डझ नॉट स्टॉप’, आणि सूचनेचा अर्थच बिघडतो. इंग्रजीला हवं ‘अन्टिल द मशीन स्टॉप्स’. ‘अनलेस’चं तर आणखी अवघड, कारण त्याच्या पोटात ‘नाही’ आधीच असतो. ‘डू नॉट स्टार्ट अनलेस द गार्ड इज नॉट क्लोज्ड’ याचा सरळ अर्थ, गार्ड, म्हणजे मशीनचं संरक्षक झाकण, उघडा असेल तरच मशीन सुरू करा! ज्याने मराठीतून विचार करून हे लिहिलं त्याच्या मनात बरोबर उलटं असतं. दाब देणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणाऱ्याला विचारा, अशा एका ‘नॉट’ची किंमत काय असते. आमच्या शॉप फ्लोअरवर दक्षिणेकडची मुलंही आहेत. मराठी पाटी त्यांना वाचता येत नाही, इंग्रजी पाटीवरच त्यांची भिस्त असते. हिंदी बोलणाऱ्यांनाही हा धडा तितकाच लागू आहे, कारण त्यांच्या ‘जब तक’लाही ‘न’ लागतो. तुमच्या वर्गानंतर मी पाटी लिहिताना आधी ‘अन्टिल’ आणि ‘अनलेस’ शोधतो, मग बाकीचं वाचतो.

काळाचंही तुम्ही असंच उलगडून दाखवलंत. ‘तू आलास तर मी येईन.’ येणं अजून व्हायचंय, तरी आपण ‘आलास’ म्हणतो, भूतकाळाचं रूप वापरतो, आणि कुणाला काही खटकत नाही. मग ‘इफ यू कम, आय विल कम’ मध्ये इंग्रजीने वर्तमानकाळ वापरला तर नवल कसलं? भविष्य एकदाच सांगायचं, मुख्य वाक्यात. ‘व्हेन आय विल रीच’ कानाला का खुपायला हवं, ते त्या दिवशी समजलं.

इंग्रजीलाही जोड्या लागतात, ‘आयदर-ऑर’, ‘नॉट ओन्ली-बट ऑल्सो’, त्याही तुम्ही लपवल्या नाहीत. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नुसत्या स्वल्पविरामावर भागत नाही, हे ऑडिटचे अहवाल लिहिताना रोज उपयोगी पडतं. ‘लेस्ट’, म्हणजे ‘होऊ नये म्हणून’, मला अजून कुठे वापरावा लागला नाही. मला वाटतं, आमच्यासारख्यांना तो नंतर शिकवला तरी चालेल. ‘सो दॅट’ मात्र आधी हवा, कारण कोणतीही सूचना कशासाठी आहे हे सांगितलं की माणसं ती पाळतात.

तुम्ही फी घेतली नाहीत. पाळी संपवून थेट येऊन बाकावर डुलक्या घेणाऱ्याला कधी रागावला नाहीत, त्याच्यासाठी तेच वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलंत. निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून तुम्ही हे का केलंत, ते मी कधी विचारलं नाही. मनापासून आभार मानायचं मात्र राहून गेलं होतं, ते आज मानतो.

एक विनंती आहे. नव्या ॲप्रेंटिस मुलांना मी रविवारी तासभर शिकवायचं ठरवलंय. तुमच्या जोड्यांचा तक्ता त्यांना झेरॉक्स करून द्यायला तुमची परवानगी हवी आहे. आणि तब्येत साथ देत असेल, तर ‘अनलेस’चा तास तुम्हीच घ्यावा. न्यायला मी स्वतः येईन.

आपला विद्यार्थी